आज भाजी कायची?

वैज्ञानिक संशोधनाला मी आयुष्यात एकदाच हातभार लावला, आणि तो शार्पनरने लावला.

मी आमच्या कॉलेजात बाबू. म्हणजे कार्यालयातला लिपिक. पण तालुक्याच्या गावात 'लिपिक' म्हटलं तर कोणी ओ देत नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे बाबूच म्हणतात, आणि आता सासुरवाडीतही तेच नाव लागलं आहे. तर एका बुधवारी मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजायला गेलो होतो. ऐनवेळी पेन बंद पडला. समोर टेबलावर एका लाकडी ठोकळ्यात सहा पेन्सिली ओळीने उभ्या होत्या, देवासमोर उदबत्त्या असाव्यात तशा. एक उचलली. टोक पार बोथट. आता बोथट पेन्सिल दिसली की माझा हात आपोआप खिशात जातो. माझ्या वडिलांच्या खिशात अडकित्ता असायचा, माझ्या खिशात शार्पनर असतो. दोन पिढ्यांत आमच्या घराण्याने केलेली प्रगती ती एवढीच. मी छान टोक काढलं, 'परीक्षानळ्या, फुटक्या धरून' असं रजिस्टरात लिहिलं, आणि म्हटलं, आलोच आहे तर रसायनशास्त्राच्या सरांच्या बाकीच्या पेन्सिलींनाही टोक काढून ठेवू. तेवढीच सेवा. तिसरीला हात घातला तेव्हा सर दारात उभे होते.

त्यांनी पेन्सिलींकडे पाहिलं. टेबलावरच्या सालपटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाबू, आज वार कोनता?"

"बुधवार."

"तुमी कोन?"

"मी... बाबू."

"म्हंजे शुद्धीवर आहात. मंग आयका. बुधवारच्या दिवशी, शुद्धीवर असतांनी, तुमी माह्या एकवीस दिवसाच्या मेहनतीले टोक काढलं."

त्या पेन्सिली लिहायच्या नव्हत्याच. त्यांच्या शिशाच्या बोथट टोकावर सरांनी सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवले होते, त्या कणांवर आणखी काय काय बसवलं होतं, आणि ते सगळं मी दोन मिनिटांत शार्पनरने सोलून काढलं होतं. सर ओरडले नाहीत. त्यांनी ती सालपटं चिमट्याने एकेक उचलली, काचेच्या बाटलीत भरली, बूच लावलं, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: 'बाबूचे योगदान'. ती बाटली त्यांनी गंधकाम्ल आणि नत्राम्ल यांच्या मधोमध ठेवली. पुढे कोणी पाहुणा प्रयोगशाळा पाहायला आला की दोन आम्लांची ओळख करून देताना सर मधल्या बाटलीचीही ओळख करून देत. "हे तिसरं. हे सगळ्यात जास्त जाळते."

आमची दोस्ती झाली ती तिथून.

सर आसेगावकडचे. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालदार. मोठ्या बहिणीने, सर तिला आक्का म्हणत, निंदण-खुरपण करून भावाला शिकवलं. सर एकटेच राहात. एका खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी मूलद्रव्यांचा मोठा तक्ता. सकाळी अंघोळ करून दोघांसमोर सारख्याच आदराने उभे राहात. शर्टाच्या खिशाला आम्लाची दोन भोकं होती. त्यातून पेन खाली पडायचा, म्हणून खिशात आधी रुमाल कोंबायचे आणि रुमालात पेन खोचायचे. दुसरा शर्ट घ्या म्हटलं तर म्हणत, "भोकं कुठं आहेत ते या शर्टाचे मले माहीत हायेत. नव्याचे कोन सांगंन?"

त्यांचं संशोधन मला समजलं तेवढं सांगतो, आणि समजलं नाही ते सांगत नाही, म्हणजे फार वेळ लागणार नाही. शुगर तपासायची पट्टी आता घरोघरी आहे. रक्ताचा थेंब लावायचा, यंत्र त्यातून चिमूटभर वीज सोडतं, आकडा येतो. सरांना तशीच पट्टी करायची होती, पण बायकांच्या छातीतल्या कॅन्सरसाठी. गाठ हाताला लागायच्याही आधी रक्तात तिची काहीतरी खूण उतरत असेल, तर ती पकडायची. पेन्सिलीच्या शिशावर त्या खुणेला आवडणारं आमिष लावून ठेवायचं. खूण असली तर येऊन चिकटते. चिकटली की टोक बुजतं आणि वीज कमी वाहते. मोरीच्या तोंडाशी केस अडकले की पाणी हळू जातं, तसं. कागदावर रेष वर चाललेली असते, ती खाली बसते.

"रेष खाली बसली," सर म्हणत, "का समजाचं, काहीतरी चिकटलं."

पण रेष खरंच खाली बसली की आपल्यालाच भास झाला, हे कळायला ती आधी कुठे होती ते ठाऊक पाहिजे. म्हणून प्रयोगाआधी 'ब्लँक' घ्यायचा. म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा कोरा नमुना यंत्राला द्यायचा. यंत्र तिथे खरं बोललं तरच पुढचं विचारायचं. सगळ्या जगातले रसायनवाले ब्लँक घेतात आणि पाच वाजता घरी जातात. आमचे सर ब्लँक बरोबर घेऊन घरी जात.

चहा पिण्याआधी नुसतं गरम पाणी मागत. त्याची चव ठरली की मग चहा. बाजारात वांगीवालीला विचारत, "बाई, हे काय हाय?" ती म्हणे, "वांगे हायेत, डोये फुटले काय?" सर समाधानाने मान हलवत. "बरोबर. आता सांगा, ताजे हायेत का?" मानोरा गावाच्या एसटीत चढले की कंडक्टरला पहिला प्रश्न, "ही गाडी आता कुठं उभी हाय?" एकदा एका नव्या कंडक्टरने त्यांना उतरवूनच दिलं आणि डबल बेल मारली. सर म्हणाले, "यंत्र खराब होतं. बरं झालं, लवकर समजलं."

स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य बोलायला उभे राहिले तेव्हा सरांनी हात वर केला आणि नम्रपणे विचारलं, "सर, आपलं नाव?" त्यावर त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तो मागवणारं पत्र मीच टाईप केलं. सरांनी खुलाशात लिहिलं, 'आपण नाव बरोबर सांगितल्यामुळे पुढील भाषणावर माझा विश्वास बसला.' प्राचार्यांनी ते तीनदा वाचलं आणि फाईल बंद केली.

त्यांचं लग्न का झालं नाही याच्या गावात पुष्कळ कथा आहेत. मी एकाच बघण्याला हजर होतो, त्यामुळे मला एकच माहीत आहे. बैठकीत एकच मुलगी पाटावर बसलेली. पोहे आले. सर मध्यस्थाकडे वळले आणि म्हणाले, "यातली पोरगी कोनती?"

आम्ही पोहे अर्धे सोडून निघालो.

प्रयोगशाळेमागच्या गल्लीत पिठाची चक्की आहे. चक्की सुरू झाली की सरांच्या कागदावरची रेष अशी थरथरायची की भूकंप नोंदवतोय वाटावं. इतकी बारीक वीज मोजायची तर बाहेरची भटकी वीज आत येऊ द्यायची नाही. त्यासाठी सगळा प्रयोग धातूच्या बंद पेटीत ठेवावा लागतो. तशी पेटी कॉलेजने मंजूर केली नाही. मी एका रविवारी जेवताना हे घरी बोललो. बायको भाकर थापत होती.

"पत्र्याची कोठी चालंन का त्याइले?" तिने विचारलं.

ज्वारी भरून ठेवायची, कमरेइतकी उंच, झाकणाची कोठी. तिच्या माहेराहून लग्नात आलेली. आम्ही तीन एकरात सोयाबीन आणि तूर घ्यायला लागल्यापासून ज्वारीच नाही, तर कोठी रिकामी. दुसऱ्या दिवशी कोठी रिक्षात बसून कॉलेजात गेली. मी तिला धरून बसलो होतो. लग्नाच्या वरातीनंतर रिक्षात मी इतका कधी मिरवलो नव्हतो. सरांनी कोठीत प्रयोग ठेवला, झाकण लावलं, कोठीला तार बांधून ती जमिनीत सोडली. चक्की सुरू झाली. रेष हलली नाही. सरांनी कोठीला हात जोडले.

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी सर आमच्याकडे जेवायला. दारात चप्पल काढत, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत, "वैनी, आज भाजी कायची?"

आणि आतून बायको म्हणे, "तुमच्या कोठीत पिकली ते!"

दर रविवारी. सात वर्षं. कधी 'तुमच्या कोठीत पिकली ते', कधी 'कोठी वापस करा, मंग सांगतो', कधी 'माह्या बापाची कोठी अन् मलेच इचारता?' बोल बदलत, पण टोमणा चुकत नसे. सर खूश होऊन पाटावर बसत आणि मला म्हणत, "ब्लँक बरोबर हाय. वाढा." मला वाटे, विनोद करतात. माणूस विनोद करतो आहे की काम, हे मला आजवर कधी ओळखता आलेलं नाही.

आता माझी दुसरी करामत. सर असं यंत्र करत आहेत हे मला पोटात ठेवता आलं नाही. न्हाव्याच्या दुकानात बोललो. तिथे बोललेलं आणि दवंडी दिलेलं यात फरक एवढाच, की दवंडी एका दिवसात विसरतात. आठवड्यात प्रयोगशाळेच्या दाराशी माणसं. एक बागायतदार पाटील तर जीप घेऊन आले, मागे पाटलीणबाई डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या.

"सर, एक थेंब घ्या अन् सांगून टाका," पाटील म्हणाले. "दवाखान्यात नेलं का गावात चर्चा होते. इथं कोनाले समजत नाही."

"पट्टी अजून शिकून राह्यली, पाटील."

"शिकू द्या ना. आमच्यावर शिकंन."

"तुमच्या ह्या नव्या जीपवर शिकाऊ ड्रायव्हर बसवता काय?"

"नाही बसवत."

"मंग वैनीले काहून बसवून राह्यले?"

पाटलीणबाई पदराआडून हसल्या. सरांनी सगळ्यांना एकच सांगितलं: दवाखान्यात जा, तिथे बाई डॉक्टर असते, हाताने तपासते, लागलं तर फोटो काढते. आणि मला वेगळं बोलावून सांगितलं, "बाबू, तुमचं दुसरं योगदान. याले बाटली पुरनार नाही."

यानंतरची गोष्ट ती, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आणि इतका वेळ टाळतो आहे.

त्या वर्षी मार्च संपता संपता आमच्या घरात शांतता नांदू लागली. म्हणजे मी ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी कोणी काही बोलेना. चहा थंड झाला म्हटलं तर मुकाट्याने गरम होऊन येई. मी कार्यालयात सांगितलंसुद्धा, की बाबांनो, बावीस वर्षं लागतात, पण बायको शेवटी निवळते. धीर धरा. दोघातिघांनी मला चहा पाजला आणि उपाय विचारला. मी उपाय सांगितलाही! काय सांगितला ते आता आठवत नाही, हे माझं नशीब.

रविवारी सर आले. चप्पल काढली. "वैनी, आज भाजी कायची?"

"वांग्याची," बायको म्हणाली.

सर पाटावर बसले नाहीत. उभेच राहिले.

"वैनी, कोठीत काय पिकलं?" स्वतःच आमिष टाकावं तसं त्यांनी विचारलं.

"काही नाही सर. बसा, वाढतो."

"वापस आनून देऊ का कोठी?"

"राहू द्या. तुमाले काम पडते."

सर माझ्याकडे वळले. मी तोवर पहिला घास घेतला होता आणि वांग्यात मीठ बरोबर आहे असं माझं मत झालं होतं.

"बाबू, अंगनात या."

मी हात न धुताच गेलो. सर चप्पल घालत होते, उजवी डाव्या पायात.

"तीनदा घेतलं. तीनदा सारखंच आलं. रेष खाली बसली, बाबू. वैनीले काहीतरी चिकटलं हाय. कवापासून असं?"

"काय असं? चांगलं तर चाललंय सर. पंधरा-वीस दिवस झाले, भांडण म्हणून नाही."

सर माझ्याकडे असे पाहात राहिले की मला माझ्या हाताला लागलेला वांग्याचा रस्सा लपवावासा वाटला.

"माही आक्का रोज भांडे," ते म्हणाले. "पानी सांडलं का भांडे, दिवा लावला नाही का भांडे. एका वर्षी सोंगनीच्या, पीक कापाच्या टायमाले भांडनं बंद झाली. मले वाटलं, आक्का शहानी झाली. मी खूश. दिवाळीनंतर समजलं, तिनं गाठ लपवली होती. सोंगनी होऊ दे मने, मंग सांगू." त्यांनी चप्पल सरळ केली. "तिचा ब्लँक माह्यापाशी होता, बाबू. मी पाह्यलाच नाही. जा आत. सरळ इचारा. अन् तुमी आधी वार-बिर इचारत बसू नका."

मी आत गेलो. बायको चुलीपाशी पाठमोरी होती. बावीस वर्षांत मी तिला एकही सरळ प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे मला चाचरायला झालं. "काही... म्हणजे तुला... बरं आहे ना?"

तिने तवा उतरवला. मग काखेजवळ, पदरावरूनच, बोट ठेवलं.

"इथं गाठ हाय. हरभऱ्यायेवढी. दुखत नाही."

"कधीपासून?"

"तुरी होत्या तवा."

"आणि सांगितलं नाहीस?"

"आधी तुरी होत्या. मंग पोरीचे बारावीचे पेपर आले. मंग तुमच्या कॉलेजची तपासनी आली, तुमी झोपेत परीक्षानळ्या मोजत होते. कवा सांगाचं?" आणि एकदम, लहान पोरीसारखं, "मी इचार केलता, सरच्या पट्टीवर पाहून घेऊ. पट्टी नाही म्हनली तर इषयच संपला. मंग दवाखाना कायले?"

मला तर हे एकदम पटलं. घरचा माणूस, घरची कोठी, एक थेंब रक्त. मी अंगणात धावलो आणि सरांना सांगितलं. सर म्हणाले, नाही.

मी हात जोडले. नाही. मग मी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाशी आवाज चढवून बोललो. "सात वर्षं आमची कोठी घेऊन बसलात! सात वर्षं आमच्या घरी जेवता! पाटलाला नाही म्हणालात ते ठीक. आम्हाला नाही म्हणता?"

"एक सांगा," सर म्हणाले. आवाज अगदी शांत. "माही पट्टी 'नाही' म्हनली, तर तुमी उद्या दवाखान्यात जान का?"

मी खरं तेच बोललो. "नाही जाणार."

"म्हनून नाही."

दारात बायको उभी होती. तिने ऐकलं होतं. सर तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "वैनी, सकाळची साडेसातची गाडी. मीही येतो. डब्यात काय घ्याचं ते तुमी पाहा."

ती आत गेली. थोड्या वेळाने ती डब्यासाठी मेथी निवडायला बसलेली दिसली, तेव्हा सर चप्पल ओढत निघाले.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, सुटसुटीत, कमी बोलणाऱ्या. सर आत शिरले आणि मला भीती होती तेच झालं.

"डॉक्टर, या बाईचं नाव काय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या हातातल्या कागदावर आहे. तुम्ही कोण?"

"हे कोठीवाले सर," बायको म्हणाली. "बोलू द्या त्याइले, आदतच हाय."

आम्हा दोघा पुरुषांना बाहेर काढण्यात आलं. पंधरा मिनिटांनी बायको बाहेर आली, चेहरा काहीसा चक्रावलेला. "आंधळी हाय का काय डॉक्टरीन! मी म्हनतो गाठ या बाजूनं, तं ते आधी त्या बाजूनं तपासते. म्हने, आधी चांगली बाजू पाहू द्या, चांगली कशी लागते हे हाताले समजलं पायजे, तवा खराब वळखू येते."

सर बाकावरून ताडकन उठले. "ब्लँक! बाबू, बाई ब्लँक घेते!" बाहेर बसलेल्या साऱ्या बायकांनी माना वळवल्या. सरांचे डोळे भरून आले होते, आणि मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. "आता बाई जे सांगतीन ते आयकाचं," सर म्हणाले. "डोये झाकून आयकाचं."

फोटो झाले, सुई घालून तुकडा काढला, तो तपासायला गेला. कॅन्सरच निघाला. पण लहान होता, पसरलेला नव्हता. डॉक्टर बाई म्हणाल्या, वेळेत आलात. ऑपरेशन ठरलं. मी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि खिशातला शार्पनर हातात घेऊन उगाच फिरवत राहिलो. टोक काढायला काहीच नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी सर संकोचत आले. हातात कागद. डॉक्टरांची परवानगी घेतली होती, नियमाचे फॉर्म आणले होते. "वैनी, आता उत्तर आपल्याले माहीत हाय. आता तुमचं थोडं रक्त देलं तर पट्टीची परीक्षा होईन. तुमची नाही, पट्टीची. नाही म्हना, मले राग नाही."

बायकोने फॉर्म ओळ न् ओळ वाचला. मी माझ्या नोकरीत इतका वाचून एकही कागद पाठवलेला नाही. मग सही करत म्हणाली, "लिहून घ्या सर, पट्टी नापास झाली तं कोठी वापस."

ऑपरेशन झालं. नंतर किरणांसाठी अकोल्याला कितीतरी हेलपाटे झाले. आता ती रोज एक गोळी घेते, ठरल्या वेळी तपासणीला जाते, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकायची माझी हिंमत होत नाही.

सर आता आमच्या गावात नाहीत. पुण्याकडे मोठ्या प्रयोगशाळेत गेले. तिथे म्हणे खरी पेटी आहे, तांब्याची, चकचकीत. जाताना कोठी परत करायला आले तेव्हा आत 'बाबूचे योगदान' बाटली निघाली; ती आता आमच्या घरी मिठाच्या बरणीशेजारी आहे. रविवारी दुपारी बरोबर जेवायच्या वेळेला त्यांचा फोन येतो. माझी चौकशी करत नाहीत. "वैनीले द्या," म्हणतात.

पण सांगायचं राहिलं ते पट्टीचं. ऑपरेशननंतरच्या एका रविवारी सर आले. बायको उशीला टेकून बसली होती. सर दारातच उभे राहिले. चप्पल काढली नाही, भाजी विचारली नाही.

"पट्टीचा निकाल लागला," ते म्हणाले. "तीन पट्ट्या लावल्या. तिन्ही 'नाही' म्हनल्या. गाठ इतकी लहान होती का रक्तात तिची खून पुरेशी उतरलीच नव्हती, अन् माह्या पट्टीले अजून तितकं बारीक दिसत नाही." मग म्हणाले, "सात वर्सं झाले. पुन्हा पहिल्यापासून."

आणि ते न जेवताच निघून गेले, वाकून, जसं काही त्यांनीच गुन्हा केला होता.

मी मात्र दाराशी बसलो होतो तिथेच बसून राहिलो. त्या रविवारी अंगणात सरांनी माझं ऐकलं असतं, तर पट्टी 'नाही' म्हणाली असती. मी गावभर पेढे वाटले असते. न्हाव्याच्या दुकानात सगळ्यात आधी. आणि घरातल्या त्या शांततेत मजेत जेवत राहिलो असतो.

शेवटी मी तिच्याकडे न पाहता म्हणालो, "पट्टीला कळलं नाही, आणि मलाही कळलं नाही."

बायकोने पांघरूण नीट केलं.

"पट्टीचं राहू द्या," ती म्हणाली. "ते अजून शिकून राह्यली. तुमाले बावीस वर्सं झाले. आता बसले काय तोंड पाहत? सर उपाशी गेले. जा, वापस बलावून आना, अन् त्याइनं भाजी इचारली तं सांगा, कोठीत पिकली ते हाय."